रजिस्टरात रकाना नसलेलं दुखणं

झाडीपट्टीतली बाई दुखणं अंगावर काढते, आणि लघवी सुटण्याचं दुखणं तर ती कोणाजवळ बोलतही नाही. मी चंद्रपूर-गडचिरोलीच्या उपकेंद्रांत नर्स म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमच्याकडे गरोदर मातांचं रजिस्टर होतं, लसीकरणाचं होतं. कुटुंबनियोजनाचं तर साहेब आल्या आल्या आधी मागायचे. खोकताना लघवी सुटते, अंग बाहेर येतं, असं लिहायला मात्र कुठेच रकाना नव्हता. त्यामुळे या दुखण्याचा इतिहास सरकारी दप्तरात सापडायचा नाही. तो विचारायचा तर म्हाताऱ्या दायांना.

पूर्वी बाई पहिल्यांदा बोलायची ती दाईशीच. दाई तेल लावायची, शेक द्यायची, जुन्या लुगड्याच्या पट्टीनं पोट आवळून बांधायची. पट्टीनं सैल पडलेले स्नायू काही घट्ट होत नाहीत. पण बाळंतिणीला चार दिवस उठू नको म्हणणारं कोणी असायचं, तेवढा गुण खरा. पुढे भाताची रोवणी आली की सारं संपायचं. ओली बाळंतीण गुडघाभर चिखलात वाकून पऱ्हे लावायची, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, मग सरपणाची मोळी डोक्यावर. एकामागून एक बाळंतपणं, त्यावर हे ओझं. ओटीपोटाचा तळ खचणारच. एक आजी मला म्हणाली होती, "रोवण्यात बरं असते बाई, तिथं सारंच ओलं." पण दिवाळीनंतर गावोगावी रात्रभराची नाटकं लागली की हीच आजी घरी बसायची. सगळं गाव मंडपात, आणि ही म्हणायची, "झोप येते जी." झोपेचं कारण खोटं आहे हे सुनेलाही माहीत होतं, पण दोघीही त्यावर कधी बोलल्या नाहीत.

गोदरीनं, म्हणजे उघड्यावर जाण्यानं, आणखी भर घातली. अंधार पडल्याशिवाय जायचं नाही म्हणून बायका दिवसभर पाणीच कमी प्यायच्या. लघवी सुटू नये म्हणून पाणी तोडायचं हा आमच्याकडचा सगळ्यांत जुना इलाज, आणि सगळ्यांत वाईट. लघवी दाट होते, जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो आणि ताबा आणखी सुटतो.

सर्वांत वाईट हाल बाळंतपणात अडलेल्या बाईचे. भामरागडकडे पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद. बाळाचं डोकं दिवस-दिवस अडकून राहिलं तर मूत्राशय आणि योनी यांच्यामधला पडदा दबून सडतो आणि तिथं भोक पडतं. मग लघवी रात्रंदिवस गळते, झोपेतही. याला फिश्चुला म्हणतात. त्याच्या शस्त्रक्रियेचं श्रेय अमेरिकेच्या मॅरियन सिम्सला दिलं जातं. 1840 च्या दशकात त्यानं भूल न देता गुलाम स्त्रियांवर पुन्हा पुन्हा प्रयोग केले. त्यांतल्या अनार्का, बेट्सी आणि लूसी या तिघींची नावं आज माहीत आहेत. मला विचाराल तर श्रेय आधी त्यांचं. आमच्या भागात 1973 साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला तेव्हा जंगलातल्या बाईला जवळचा दवाखाना मिळाला. एरवी नागपूरचं मेडिकल नाहीतर सेवाग्राम. आणि वास येणाऱ्या बाईनं एसटीत बसायचं कसं?

गडचिरोली 1982 मध्ये चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला आणि 1986 मध्ये डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी इथं 'सर्च' ही संस्था सुरू केली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 बायकांची त्यांनी तपासणी केली. 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये जे छापून आलं त्यानं जगभरच्या डॉक्टरांना हलवलं: 92 टक्के बायकांना स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या फक्त 8 टक्के. त्यातला निम्मा आजार जंतुसंसर्गाचा होता, लघवी सुटणं हा त्या अभ्यासाचा मुख्य विषय नव्हे. तरी माझ्या लेखी या इतिहासातलं वळण तेच. मूल आणि नसबंदी यांपलीकडेही बाईला काही दुखणं आहे का, हे त्याआधी कोणी गावात येऊन विचारलंच नव्हतं.

विचारलं तरी बोलायला आडोसा लागतो. माडिया आदिवासींच्या गावांत पाळीच्या दिवसांत बाया कुर्माघरात राहतात. गळकं छप्पर, सापाची भीती. त्या झोपडीचं कौतुक मी करणार नाही. पण पुरुष तिथं फिरकत नाहीत, म्हणून बाया मोकळ्या बोलायच्या. उपकेंद्रात मान खाली घालून बसणारी तिथं स्वतःहून म्हणायची, "शिंकलं का लुगडं ओलं."

इलाज तसे जुनेच आहेत. आपल्या गोव्यात जन्मलेले डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी अंग बाहेर येण्यावर केलेली शस्त्रक्रिया त्यांच्या नावानं ओळखली जाते. शस्त्रक्रियेविनाचा इलाज 1948 मध्ये अमेरिकेच्या डॉ. आर्नल्ड केगल यांनी मांडला, तो स्नायूंच्या व्यायामाचा. मी तो असा शिकवते: चार माणसांत वारा सरायला आला तर कसं आत ओढून धरतेस? तसंच ओढ, पोट आणि मांड्या सैल ठेव, श्वास कोंडू नको. मनात पाच मोज, सोड, पुन्हा पाच मोज. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. तांदूळ निवडताना कर, बसची वाट बघताना कर, कोणाला कळत नाही. आधी बाया तोंडाला पदर लावून हसतात, मग करतात. तीन महिने नेमानं केल्याशिवाय गुण आला नाही म्हणू नये. आणि 'पिशवी काढून टाका, सगळं बरं होईल' असं कोणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरला विचारावं. नुसती लघवी सुटण्यावर गर्भाशय काढणं हा इलाज नव्हे.

पुरुषांचं काय? प्रोस्टेट वाढलेला, साखरेचा, लकवा मारलेला म्हातारा खाटेवर भिजत पडतो, आणि त्याची वाकळ धुते तीही बाईच. त्याचंही दुखणं कोणी लिहून घेत नाही.

2005 पासून आशाताई गावात आली, 2014 नंतर घरोघरी संडास झाले. दाईची जागा आता आशाची आहे. तेव्हा वाचणाऱ्या सुनांनो, लेकींनो, घरातल्या म्हातारीला एकांतात विचारा: खोकताना सुटते, की संडासपर्यंत पोचेस्तोवर सुटते, की सारखी गळते? पहिल्या दोन्हींवर व्यायाम आणि औषधोपचार आहेत, आशाताईला घेऊन आरोग्य केंद्रात जा. सारखी गळत असेल तर व्यायामात वेळ घालवू नका. जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा, त्याला बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागते.