इंजिनिअर, फारुख माणेकशा
(२५ फेब्रुवारी १९३८ – ). भारताचे यष्टिरक्षक-फलंदाज. जन्म मुंबईतील एका पारशी कुटुंबात; वडील डॉक्टर. बालपण दादरच्या पारशी कॉलनीत गेले आणि शिक्षण माटुंग्याच्या डॉन बॉस्को विद्यालयात व पोदार महाविद्यालयात झाले. रणजी करंडकावर मुंबईची अखंड सत्ता चालू असण्याच्या काळात ते त्या संघातून खेळू लागले.

डिसेंबर १९६१ मध्ये कानपूर येथे इंग्लंडविरुद्ध त्यांचे कसोटीपदार्पण झाले. परंतु यष्टींमागील जागा त्यांच्या नावे कायम व्हावयास पुढे बराच काळ जावा लागला. बुधी कुंदरन यांनी जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला १९२ धावांचा डोंगर रचला, त्यानंतर काही काळ इंद्रजितसिंहजी यांचीही वर्णी लागली, आणि निवड समितीचा कौल या तिघांमध्ये फिरत राहिला. यष्टिरक्षकाच्या हातमोज्यांचा हिशेब त्याच्या बॅटीच्या खात्यावर मांडण्याचा जो शिरस्ता त्या काळी पडला होता, त्याचा लाभ इंजिनिअर यांना कधी झाला, तर त्याची झळही त्यांनाच अधिक वेळा सोसावी लागली.

जानेवारी १९६७ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेतील पहिल्या दोन कसोटींतून वगळलेल्या इंजिनिअर यांना मद्रासच्या तिसऱ्या कसोटीत पाचारण करण्यात आले. हॉल आणि ग्रिफिथ यांचा वेगवान मारा, त्यांच्या दिमतीला सोबर्स आणि गिब्ज, फलंदाजाच्या मस्तकावर शिरस्त्राण नाही, अशा स्थितीत मडगावच्या दिलीप सरदेसाईंसह सलामीला उतरलेल्या या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी उपाहारापूर्वी नाबाद ९४ धावा काढल्या. उपाहारानंतर शतक पुरे करून ते १०९ वर बाद झाले. उपाहारापूर्वीचे शतक सहा धावांनी हुकले, याची हळहळ रसिकांना नंतरही वाटत राहिली. पण पुढे सरसावून चेंडू हवेतून फटकावण्याची जी वृत्ती त्या ९४ धावांच्या मुळाशी होती, तीच त्यांना अनेकदा तीस-चाळीस धावांवर तंबूत परतवीत असे, आणि तशा खेळीची अपेक्षा करून अशा बाद होण्याबद्दल दोष देणे न्याय्य होणार नाही. पुढल्या वर्षी न्यूझीलंडमध्ये भारताने परदेशातील पहिली मालिका ३–१ अशी जिंकली, त्या संघातही ते होते.

त्यांच्या फलंदाजीच्या झगमगाटापुढे त्यांचे यष्टिरक्षण झाकोळले गेले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बेदी, प्रसन्ना, वेंकटराघवन आणि चंद्रशेखर या चौघांच्या फिरकीपुढे यष्टींलगत उभे राहणे ही मोठी जोखीम होती. त्यांतही चंद्रशेखर यांचा जलद गुगली नेमका कोणीकडे वळेल, हे पाहण्यास फलंदाजाइतकाच अल्प अवकाश यष्टिरक्षकालाही मिळे. ऑगस्ट १९७१ मध्ये ओव्हलवर चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ धावांत गुंडाळले, तेव्हा यष्टींमागे इंजिनिअर होते. पहिल्या डावात ५९ धावा केलेल्या याच खेळाडूने दुसऱ्या डावात नाबाद २८ धावा केल्या. विजयाला तीन धावा हव्या असताना विश्वनाथ बाद झाले, तरी इंजिनिअर एका टोकाला टिकून राहिले आणि आबिद अलींच्या चौकाराने इंग्लंडच्या भूमीवरील भारताचा पहिला कसोटीविजय साकार झाला.

त्याच वर्षी आरंभी झालेल्या वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर मात्र इंजिनिअर नव्हते. यष्टिरक्षण कृष्णमूर्ती यांनी केले. परदेशी खेळाडूंची तत्काळ नोंदणी करण्याची मुभा इंग्लिश कौंट्यांना १९६८ मध्ये मिळाली, तेव्हापासून ते लँकेशायरच्या सेवेत होते. १९६८ ते १९७६ या काळात त्यांनी त्या कौंटीसाठी १७५ प्रथमश्रेणी सामने खेळले आणि जॅक बाँड यांच्या नेतृत्वाखाली १९७० ते १९७२ अशी सलग तीन वर्षे जिलेट चषक जिंकणाऱ्या संघाचे, क्लाइव्ह लॉइड यांच्या जोडीने, ते मोठे आकर्षण ठरले. १९७० च्या उन्हाळ्यात इंग्लंडशी खेळलेल्या शेष विश्व संघातही त्यांची निवड झाली. मँचेस्टर परिसर त्यांना मानवला आणि कालांतराने ते तेथेच स्थायिक झाले.

त्यांची सर्वोच्च कसोटी धावसंख्या १२१. ती इंग्लंडविरुद्ध ब्रेबोर्न स्टेडियमवर १९७३ मध्ये नोंदली गेली. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. अखेरची कसोटी जानेवारी १९७५ मध्ये वानखेडे स्टेडियमवर झाली. त्या मैदानाची मात्र ती पहिलीच होती. एकूण ४६ कसोटींत ३१.०८ च्या सरासरीने २,६११ धावा, दोन शतके, ६६ झेल आणि १६ यष्टिचीत अशी त्यांची दप्तरी नोंद आहे. १९७५ च्या पहिल्या विश्वचषकात ईस्ट आफ्रिकेविरुद्ध लीड्स येथे त्यांनी नाबाद ५४ धावा केल्या व गावसकरांसह एकही गडी न गमावता सामना जिंकून दिला. १९७१ व १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यांवर राखीव यष्टिरक्षक असलेले सय्यद किरमाणी १९७६ मध्ये त्यांच्या जागी आले. जुलै २०२५ मध्ये ओल्ड ट्रॅफर्ड येथील एका प्रेक्षागाराला लॉइड आणि इंजिनिअर यांचे संयुक्त नाव देण्यात आले.