मलेरियाची गोळी, कोरोनाची बातमी आणि डोंबिवलीच्या ताई

मार्च २०२०. लोकल बंद होऊन चार-पाच दिवस झाले होते. डोंबिवली पूर्वेहून एका वाचक ताईंचा फोन आला.

"दादा, माझ्या गोळ्या आठवडाभर पुरतील एवढ्याच राहिल्यात. चार मेडिकल फिरले, सगळे नाही म्हणतात. तुम्हीच टाकली होती ना त्या गोळीची बातमी?"

गोळी होती हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन. बातमी मीच टाकली होती. 'मलेरियाच्या गोळीने कोरोना बरा होणार?' शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की जबाबदारी संपली, असं आम्हा पत्रकारांना वाटतं.

ताईंना ना कोरोना होता, ना मलेरिया. त्यांना ल्युपस होता. इतक्या वर्षांच्या पत्रकारितेत हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मग वाचायला बसलो.

ल्युपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. चेहऱ्यावरच्या जखमा लांडग्याने लचका तोडल्यासारख्या दिसायच्या, म्हणून जुन्या वैद्यांनी हे नाव दिलं. बराच काळ हा कातडीचाच रोग समजला गेला. १८७२ मध्ये व्हिएन्नाच्या कापोसी यांनी दाखवून दिलं की तो शरीराच्या आतही पोचतो. यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते. सांधे, त्वचा, रक्त, मूत्रपिंड, काहीही सापडू शकतं. दहा रुग्णांत साधारण नऊ बायका, त्याही बहुतेक ऐन उमेदीच्या वयातल्या. हा आजार स्पर्शाने पसरत नाही.

आणि औषध? १८९४ मध्येच लंडनच्या डॉ. पेन यांनी ल्युपसवर क्विनाइन वापरून पाहिलं होतं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना मलेरियासाठी मेपाक्रिन दिलं जायचं. १९५१ मध्ये डॉ. पेज यांनी तेच औषध ल्युपसच्या रुग्णांना दिलं आणि गुण आला. १९५५ मध्ये अमेरिकेत हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनला मान्यता मिळाली. आजार उसळला की स्टिरॉइड लागतात, मूत्रपिंडाला धक्का बसला तर आणखी जड औषधं. पण रोजची, वर्षानुवर्षांची गोळी हीच. ती थांबली की आजार पुन्हा उसळी मारू शकतो.

आता २०२० च्या तारखा बघा. १९ मार्चला ट्रम्प यांनी या गोळीचं कौतुक केलं. २३ मार्चला आयसीएमआरने कोरोना रुग्णांच्या संपर्कातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ती घ्यायला सांगितली. २५ मार्चला सरकारने निर्यात थांबवली, २६ ला चिठ्ठीशिवाय विक्रीवर कडक निर्बंध आणले. तोवर धडधाकट लोकांनी पाकिटंच्या पाकिटं घरात भरून ठेवली होती. त्यात आमच्यासारख्यांच्या बातम्यांचाही हात होता.

कल्याण पश्चिमेला एका मेडिकलवाल्याकडे दोन स्ट्रिप निघाल्या. ताईंची चिठ्ठी मोबाईलवर मागवली, गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि नाकाबंदीतून जाऊन गोळ्या पोचवल्या. त्या दारातच म्हणाल्या, "दादा, आता खरी बातमी पण टाका."

जूनमध्ये ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत निष्पन्न झालं की रुग्णालयात दाखल कोरोना रुग्णांना या गोळीचा फायदा नाही. त्या बातमीला मी चार ओळी दिल्या. ताईंची खरी बातमी राहूनच गेली. म्हणून आज हे लिहितोय.

मंडळी, घरातल्या बाईचे सांधे महिनोन्‌महिने दुखत असतील, गालांवर-नाकावर फुलपाखरासारखा लाल चट्टा येत असेल, उन्हात तो वाढत असेल, बारीक ताप, केसगळती, पायावर सूज असेल, तर 'दगदग झाली असेल' म्हणून सोडून देऊ नका. लघवीची तपासणी आणि रक्ताची एएनए चाचणी करायची का, डॉक्टरांना विचारा. फक्त एएनए पॉझिटिव्ह आली म्हणजे ल्युपस झालाच असं नाही, ते डॉक्टरच ठरवतील. गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका, आणि डोळ्यांची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा चुकवू नका.

आणि पुढच्या वेळी एखाद्या गोळीची 'ब्रेकिंग न्यूज' दिसली, माझी असली तरी, मेडिकलकडे धावण्याआधी एवढं आठवा की ती गोळी कुणाच्या तरी रोजच्या जगण्याची असू शकते.