मित्रांची एफ-वन मॅनेजर लीग कशी चालवायची? नियम, शीट आणि भांडणं टाळायची पद्धत

एफ-वन बघणाऱ्या ग्रुपमध्ये कधी ना कधी कुणीतरी म्हणतंच, "चला, आपली स्वतःची लीग काढू." पहिल्या शर्यतीला दहा जण उत्साहाने टीम पाठवतात. चौथ्या-पाचव्या शर्यतीला "माझे पॉइंट कमी धरले" यावरून वाद पेटतो आणि मग शीट कुणी उघडतच नाही.

अशी लीग बंद पडते ती बहुतेक वेळा नियमांमुळे. ते आधी लिहून ठेवलेले नसतात, वाद झाल्यावर ठरवले जातात. त्या वेळी कुठलाही निर्णय घेतला तरी कुणाचा तरी फायदा होतो आणि कुणाला तरी वाटतं की मुद्दाम केलं. म्हणून आज आपण टीम मॅनेजर गेम म्हणजे काय, तो फोनवरून कसा चालवायचा आणि कुठले नियम आधीच पक्के करायचे, हे सविस्तर पाहू.

टीम मॅनेजर गेम म्हणजे काय?

या गेममध्ये तुम्ही गाडी चालवत नाही, तर टीमचे मालक असता. ठरावीक आभासी बजेटमध्ये ड्रायव्हर घ्यायचे आणि त्यांनी खऱ्या शर्यतीत जे केलं त्यावर तुम्हाला पॉइंट मिळणार. आयपीएलच्या फँटसी टीमसारखंच, फक्त इथे मैदानाऐवजी ट्रॅक.

तयार गेम घ्यायचा की स्वतःची शीट?

तुमच्यासमोर तीन पर्याय आहेत.

- अधिकृत एफ-वन फँटसी: १० कोटी डॉलरचं आभासी बजेट, त्यात ५ ड्रायव्हर आणि २ कन्स्ट्रक्टर. कोड पाठवून खासगी लीग काढता येते. हिशेब आपोआप होतो, पण नियम त्यांचे.
- पूर्ण आभासी गेम: जीपीआरओ म्हणजे ग्रां प्री रेसिंग ऑनलाइन हा ब्राउझरमधला जुना गेम. यात आठवड्याला दोन शर्यती होतात. ड्रायव्हर, गाडीचे पार्ट, टायर, सेटअप सगळं तुम्ही ठरवायचं आणि शर्यत सर्व्हर चालवतो. आयजीपी मॅनेजरमध्ये स्वतःची लीग काढून लाइव्ह शर्यतीत पिट स्टॉपचे निर्णय घेता येतात.
- स्वतःची शीट: गूगल शीट, गूगल फॉर्म आणि व्हॉट्सॲप ग्रुप. नियम पूर्णपणे तुमचे, त्यामुळे जबाबदारीही तुमची.

ग्रुपमध्ये हिशेब ठेवायला कुणी तयार नसेल तर पहिला पर्याय घ्या. पण खरी मजा तिसऱ्यात आहे, म्हणून पुढची माहिती त्याबद्दल.

ड्रायव्हरची किंमत कशी ठरवायची?

किंमत मनाने ठरवली की पहिला वाद तिथेच. त्यापेक्षा साधं सूत्र ठेवा: किंमत = ५ कोटी + (मागच्या सीझनचे पॉइंट ÷ १०). प्रत्येकाला ८० कोटींचं आभासी बजेट आणि त्यात ३ ड्रायव्हर. किमती सीझनभर बदलायच्या नाहीत.

२०२४ च्या पॉइंटवर हे तपासून बघू:

- वेर्स्टापेन: ४३७ पॉइंट, किंमत ४८.७ कोटी
- नॉरिस: ३७४ पॉइंट, किंमत ४२.४ कोटी
- लेक्लेर: ३५६ पॉइंट, किंमत ४०.६ कोटी
- रसेल: २४५ पॉइंट, किंमत २९.५ कोटी
- त्सुनोदा: ३० पॉइंट, किंमत ८ कोटी

नॉरिस आणि लेक्लेर मिळून ८३ कोटी होतात, म्हणजे पहिल्या तिघांपैकी कुठलेही दोघं एकत्र घेता येत नाहीत. पण नॉरिस, रसेल आणि त्सुनोदा ७९.९ कोटींत बसतात. बजेट इतकंच घट्ट हवं, नाहीतर सगळ्यांच्या टीम सारख्याच होतात.

यात एक पळवाट आहे. नवीन ड्रायव्हरकडे मागचे पॉइंटच नसतात, म्हणून तो ५ कोटींत मिळतो. २०२५ मध्ये हॅमिल्टन फेरारीत गेला आणि त्याच्या जागी मर्सिडीजमध्ये अँटोनेली आला. एवढी चांगली गाडी ५ कोटींत मिळत असेल तर सगळा ग्रुप त्यालाच घेणार! उपाय: नवीन ड्रायव्हर ज्याच्या जागी आला, त्याच्या किमतीची निम्मी किंमत लावा. हॅमिल्टनचे २०२४ चे पॉइंट २२३, किंमत २७.३ कोटी, म्हणून अँटोनेली साधारण १३.७ कोटींना. निम्मी किंमत ५ कोटींच्या खाली गेली तर ५ कोटीच धरा. टीमच नवीन असेल आणि कुणाची जागा घेतलेली नसेल, तरीही ५ कोटी.

लिलाव करायचा असेल तर तोही करता येतो, पण मग एक ड्रायव्हर एकालाच मिळतो. २०२६ पासून कॅडिलॅकमुळे ११ टीम आणि २२ ड्रायव्हर झाले. प्रत्येकाला ३ ड्रायव्हर द्यायचे तर जास्तीत जास्त ७ जण खेळू शकतात. ग्रुप मोठा असेल तर किंमत-यादीच बरी.

पॉइंट कसे द्यायचे?

शर्यतीसाठी खरेच पॉइंट घ्या: २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २, १. स्प्रिंटला पहिल्या आठ जणांना ८ ते १. पण एवढ्यावर थांबलात तर स्वस्त ड्रायव्हर दर आठवड्याला शून्य आणतील आणि गेम बोअर होईल. म्हणून आणखी दोन गोष्टी जोडा:

- मुख्य शर्यतीत स्टार्टपेक्षा वर आल्यास प्रत्येक स्थानाला १ पॉइंट, जास्तीत जास्त १०. पिट लेनमधून सुरुवात केली तर स्टार्ट शेवटच्या स्थानावरून धरायची.
- मुख्य शर्यतीच्या अधिकृत निकालात क्रमांक नसेल किंवा डिसक्वालिफाय झाला असेल तर उणे ५.

वरची मर्यादा का हवी? २०२४ च्या ब्राझील शर्यतीत वेर्स्टापेन १७ व्या स्थानावरून निघून जिंकला. मर्यादा नसती तर २५ आणि १६ मिळून ४१ पॉइंट झाले असते. एका दिवसात लीग संपली! स्थानं घसरल्याबद्दल मात्र पॉइंट कापू नका. पोलवरून निघालेल्याला वर जायला जागाच नसते, मग त्याच्यावर तो अन्याय होतो.

"क्रमांक नसेल" हे शब्दही जपून वापरलेत. एफ-वनमध्ये विजेत्याच्या अंतराच्या ९० टक्के अंतर कापलं असेल तर गाडी बंद पडली तरी क्रमांक मिळतो. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन शर्यतीत रसेल शेवटच्या लॅपला आपटला, तरी निकालात १७ वा होता. "गाडी आपटली तर उणे ५" असा नियम लिहिला असता तर इथे हमखास भांडण झालं असतं.

डेडलाइन आणि भारतीय वेळ

टीम बदलायची शेवटची वेळ क्वालिफाइंग सुरू होण्याआधीची ठेवा. क्वालिफाइंगनंतर स्टार्टची स्थानं कळतात. मग चांगली गाडी असून मागून निघणारा ड्रायव्हर घेऊन फुकट पॉइंट कमवता येतात. स्प्रिंट वीकेंडला शुक्रवारचं स्प्रिंट क्वालिफाइंग ही डेडलाइन धरा.

वेळ नेहमी भारतीय वेळेत लिहा. युरोपातल्या बहुतेक शर्यती आपल्याकडे रविवारी संध्याकाळी ६:३० ला आणि क्वालिफाइंग शनिवारी ७:३० ला असतं. पण २०२५ मध्ये मेलबर्न आणि लास वेगास या दोन्ही शर्यती आपल्या सकाळी ९:३० च्या होत्या, आणि मेक्सिकोची 'रविवारची' शर्यत आपल्याकडे सोमवारी पहाटे दीडला सुरू झाली. नुसतं "शनिवारपर्यंत पाठवा" म्हणालात की कुणाचं तरी चुकणारच. ॲडमिनने सीझनच्या सुरुवातीलाच सगळ्या डेडलाइन शीटमध्ये टाकून ठेवाव्यात.

टीम व्हॉट्सॲपवर घेऊ नका

व्हॉट्सॲपवरचा मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो. बदलल्याची खूण दिसते, पण आधी काय लिहिलं होतं ते दिसत नाही. डेडलाइनच्या दोन मिनिटं आधी पाठवलेली टीम डेडलाइननंतर बदलली गेली तर तुम्ही ते सिद्ध कसं करणार?

त्याऐवजी गूगल फॉर्म वापरा:

१. फॉर्ममध्ये नाव आणि तीन ड्रायव्हर एवढेच प्रश्न ठेवा. ड्रायव्हरसाठी ड्रॉपडाउन द्या, म्हणजे स्पेलिंगचा घोळ होणार नाही.
२. फॉर्म शीटला जोडा. प्रत्येक उत्तरासमोर वेळ आपोआप नोंदली जाते.
३. पाठवलेलं उत्तर नंतर बदलण्याची सोय बंद ठेवा. मत बदललं तर नवीन फॉर्म भरायचा. डेडलाइनआधीचा शेवटचा फॉर्म ग्राह्य.
४. डेडलाइन झाली की फॉर्म बंद करा आणि सगळ्यांच्या टीम ग्रुपवर टाका.
५. पॉइंटची शीट सगळ्यांना फक्त बघण्यासाठी शेअर करा. काही गडबड वाटली तर ॲडमिनला कंप्युटरवर शीट उघडून व्हर्जन हिस्टरीत कुणी कधी काय बदललं ते पाहता येतं.

वाद होणारच: हे पाच प्रश्न आधीच सोडवा

१. निकाल नंतर बदलला तर? २०२४ ची बेल्जियन शर्यत रसेलने जिंकली. मग त्याची गाडी ७९६.५ किलो भरली. किमान वजन ७९८ किलो होतं. तो डिसक्वालिफाय झाला आणि विजय हॅमिल्टनला मिळाला. आपल्या हिशेबात सहाव्या स्थानावरून निघालेल्या रसेलचे ३० पॉइंट थेट उणे ५ झाले असते! २०२५ मध्ये लास वेगासला नॉरिस आणि पिआस्त्री शर्यतीनंतर असेच बाद झाले. म्हणून चेकर्ड फ्लॅग पडल्यावर लगेच "विजेता" जाहीर करू नका. नियम असा ठेवा: पुढच्या शर्यतीच्या डेडलाइनपर्यंत अधिकृत निकालात झालेला बदल धरायचा, त्यानंतरचा नाही.

२. ड्रायव्हर आजारी पडला तर? २०२४ ला सौदी शर्यतीत साइन्झच्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेमुळे फेरारीत बेअरमन बसला आणि सातवा आला. साइन्झ ज्याच्या टीममध्ये होता त्याला काय? आमचा सल्ला: तात्पुरता बदली ड्रायव्हर असेल तर त्याचे पॉइंट मूळ ड्रायव्हरच्या मालकाला द्या.

३. ड्रायव्हरची टीमच बदलली तर? २०२५ मध्ये दोनच शर्यतींनंतर रेड बुलने लॉसनच्या जागी त्सुनोदाला घेतलं आणि लॉसन रेसिंग बुल्समध्ये गेला. इथे तुमचा ड्रायव्हर तुमच्याकडेच राहील, किंमतही जुनीच. कायमचा बाहेर पडला तर मालकाला एक जादा बदल मोफत.

४. शर्यत अर्धवट किंवा रद्द झाली तर? २०२१ ला स्पा इथे पावसात सेफ्टी कारमागे मोजके लॅप झाले आणि अर्धे पॉइंट दिले गेले. विजेत्या वेर्स्टापेनला १२.५. तिथे जेवढे पॉइंट दिले तेवढेच आपणही द्यायचे. २०२३ ची इमोला शर्यत पुरामुळे रद्द झाली; अशा वेळी शून्य, आणि त्या आठवड्याचा बदल पुढे वापरता येईल.

५. शेवटी बरोबरी झाली तर? एफ-वनचीच पद्धत वापरा. ज्याच्या ड्रायव्हरांनी जास्त शर्यती जिंकल्या तो पुढे. तेही सारखं असेल तर दुसरे क्रमांक मोजा.

ॲडमिनही खेळत असेल तर

फॉर्मची उत्तरं ॲडमिनला डेडलाइनआधीच दिसतात. तो कितीही प्रामाणिक असला तरी जिंकल्यावर लोक कुजबुजणारच. म्हणून ॲडमिनने स्वतःची टीम फॉर्म उघडण्याआधीच ग्रुपवर टाकावी आणि नंतर बदलू नये. वादावर निर्णय द्यायला त्या वादाशी संबंध नसलेले दोन सदस्य 'स्टुअर्ड' नेमा. त्यांच्यात एकमत झालं नाही तर लिहिलेला नियम जसाच्या तसा लावायचा.

पैसे लावू नका

"प्रत्येकी शंभर रुपये काढू, मजा येईल" असं कुणीतरी म्हणेलच. तिथेच थांबा. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली आहे, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा. असा गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याचा मुख्य रोख चालवणाऱ्यावर आहे, आणि तुमच्या लीगमध्ये चालवणारे तुम्हीच असता. जिंकणाऱ्याचा फोटो ग्रुपचा डीपी आणि शेवटी आलेल्याच्या नावावर सीझनभर टोमणे, एवढं बक्षीस पुरे!

कॉपी करून ग्रुपवर टाका: नमुना नियम

- बजेट ८० कोटी, ड्रायव्हर ३, किमती सीझनभर स्थिर.
- प्रत्येक शर्यतीआधी १ बदल. टीम पाठवली नाही तर मागची टीम कायम.
- डेडलाइन: क्वालिफाइंगची सुरुवात, स्प्रिंट वीकेंडला स्प्रिंट क्वालिफाइंगची सुरुवात. भारतीय वेळ.
- फक्त फॉर्म ग्राह्य. मेसेज, फोन, स्क्रीनशॉट चालणार नाहीत.
- निकाल अधिकृतच. पुढच्या डेडलाइननंतर बदल नाही.
- नियम सीझनच्या मध्ये बदलायचा असेल तर सगळ्यांची संमती हवी, आणि तो पुढच्या शर्यतीपासूनच लागू.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. यादी कितीही नीट केली तरी कुठलीतरी शर्यत असं काहीतरी दाखवेल जे तुम्ही लिहिलंच नव्हतं. तेव्हा मागचे पॉइंट उकरू नका. स्टुअर्डचा निर्णय त्या दिवसापुरता माना आणि नवीन नियम पुढच्या शर्यतीसाठी लिहून ठेवा. मग शेवटच्या शर्यतीपर्यंत ग्रुपवर वाद झालाच तर तो हिशेबावरून नाही, ड्रायव्हरवरून होईल.