न्यूरोइकॉनॉमिक्स

विकावे की थांबावे, कर्ज काढावे की नाही, जोखीम किती घ्यावी, असे पैशाचे निर्णय घेताना मेंदूत काय घडते याचा शोध घेणारी ज्ञानशाखा. अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान यांच्या मिलाफातून ती विसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आली.

अशा निर्णयाच्या उदाहरणासाठी परभणी जिल्ह्यातील पोखर्णी गाव घ्या. भोवतालचे रान काळे, पीक कापूस-सोयाबीनचे. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव येईल म्हणून मराठवाडा-विदर्भातल्या अनेकांनी माल घरातच ठेवला. भाव उतरत गेला, खोलीभर कापसाने लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली, तरी विकायला मन धजेना. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धांत इथे तंतोतंत लागू पडतो. माणूस नफा-तोटा मनात धरलेल्या आकड्यापासून मोजतो, आणि तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा तोटा जास्त बोचतो. मेंदूतही याच्या खुणा सापडतात. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांना माकडांच्या डोपामिन पेशी अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले की उसळताना, अपेक्षित ते हुकले की मंदावताना दिसल्या. अमिग्डाला हा मेंदूतील भावनांशी निगडित भाग निकामी झालेल्या दोन रुग्णांमध्ये तोट्याची ही धास्तीच आढळली नाही, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

पण शेतकरी धाडस करत नाही, हा त्याच्या डोक्याचाच दोष, असे म्हणणे अन्यायाचे आहे. इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेच्या अभ्यासात अर्थतज्ज्ञ हान्स बिन्सवँगर यांनी सोलापूर-अकोल्याच्या आणि तेव्हाच्या आंध्रातल्या गावांत खऱ्या पैशांचे डाव मांडले: एका टोकाला नक्की ५० रुपये, दुसऱ्या टोकाला नाणे उडवून २०० किंवा शून्य, आणि मध्ये इतर पर्याय. रक्कम मोठी झाली की बहुतेक सगळेच मध्यम प्रमाणात सावध होत, आणि श्रीमंत-गरीब असा फरक फारसा पडत नसे. १९८० च्या त्यांच्या निष्कर्षानुसार शेतीतल्या गुंतवणुकीचा फरक स्वभावातून कमी, कर्ज आणि बाजारपेठ कुणाच्या आवाक्यात आहे यातून जास्त येतो.

पैशाच्या चणचणीचा परिणाम विचारशक्तीवरही होतो. तमिळनाडूत ४६४ ऊस उत्पादकांची कापणीआधी आणि नंतर बौद्धिक चाचणी घेण्यात आली. २०१३ मध्ये आनंदी मणी, सेंदिल मुल्लाइनाथन आदींनी दाखवले की तोच माणूस पैशाच्या ओढाताणीत मागे पडतो, पैसे हाती आल्यावर सुधारतो. विवंचना लक्षाची जागा व्यापते. पीककर्जाचा भरणा मुदतीच्या आत करायचा असतो; घरातल्या कापसाचा सौदा त्याच विवंचनेत ठरवावा लागतो.