हिगोनोकामी: दप्तरातला चाकू

पेन्सिलीला टोक करायला जपानी मुले पूर्वी हिगोनोकामी हा घडीचा चाकू जवळ बाळगत. मिकी येथील लोहारांनी तो १८९०च्या दशकात घडवला. मूठ म्हणजे दुमडलेला पत्रा. खटका नाही, पात्याची शेपटी अंगठ्याने दाबून धरायची. चांगल्या पात्यात कठीण पोलादाला दोन्ही बाजूंनी मऊ लोखंडाचे अस्तर असते. त्यामुळे धार टिकते आणि पाते सहसा मोडत नाही.

१९६० साली समाजवादी नेते आसानुमा यांची भर सभेत आखूड तलवारीने हत्या झाली. त्यानंतर मुलांच्या हातून चाकू काढून घेण्याची मोहीम निघाली. तलवारीचा राग चाकूवर निघाला, असे आम्हांला वाटते. पुढे हा चाकू मुख्यतः संग्राहकांकडे उरला. नागानो प्रांतातील इकेदा गावच्या एका शाळेने मात्र १९८३ पासून पहिलीच्या मुलांना तो द्यायला सुरुवात केली, पेन्सिल तासायलाच.