सुगरण आणि पाऊसकाळ

आपल्या कोंकणकिनाऱ्याचा इतिहास वाचूं लागलें म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानांत येते. ती ही कीं, त्यांतील बहुतेक मोठ्या घडामोडी उघडिपीच्या दिवसांतील आहेत. इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून कुलाब्यावर चाल केली ती १७२१ च्या डिसेंबरांत. सुवर्णदुर्ग पडला तो १७५५ च्या एप्रिलांत. आणि विजयदुर्ग तुळाजी आंग्ऱ्याच्या हातून गेला तो १७५६ च्या फेब्रुवारींत. मृग लागला कीं गलबतें खाडींत शिरावयाचीं, नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद व्हावयाचा, आणि त्याबरोबर इतिहासकाराची लेखणीही कलमदानांत पडावयाची. जणूं काय या पावसाळी महिन्यांत किनाऱ्यावर नोंदण्याजोगें कांहीं घडतच नव्हतें! हा समज किती अपुरा आहे हें अलिबागेच्या परिसरांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

गेल्या श्रावणांत एक दिवस आम्ही तिकडे गेलों होतों. मुंबईहून मांडव्यास जाणाऱ्या लांचा त्या दिवसांत बंद असतात. म्हणून पेण-वडखळच्या वाटेनें मोटारीनें निघालों. पाऊस एकसारखा कोसळत होता. रस्त्याच्या दुतर्फा लावणी झालेलीं भाताचीं खाचरें. त्यांत पांढरे शुभ्र बगळे ध्यानस्थ उभे. तारेवर भिजून चिंब झालेला खंड्या. खाडीच्या चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या. आणि मधूनच दाट झाडींतून येणारा भारद्वाजाचा घुमणारा आवाज. माणसें छपराखालीं दडलीं होतीं. परंतु सृष्टीचे इतर रहिवासी मात्र आपापल्या उद्योगांत गढून गेले होते.

कुलाब्याच्या किल्ल्यांत ओहोटीच्या वेळीं पायीं जातां येतें. पण त्या दिवशीं भरतीनें व वाऱ्यानें समुद्र खवळला होता, तेव्हां किनाऱ्यावरूनच त्याचें दर्शन घेतलें. १६८० सालीं शिवाजीमहाराजांनीं या किल्ल्याच्या कामास हात घातला व संभाजीमहाराजांच्या कारकीर्दींत तें पुरें झालें. त्याच्या तटाचे प्रचंड चिरे चुन्यावांचून एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळली कीं पाणी फटींत शिरतें आणि तिचा जोर तेथेंच मोडतो. तोफांच्या गोळ्यांइतकाच आषाढांतील समुद्रही शत्रु आहे, हें ओळखूनच हा तट रचला गेला असला पाहिजे. ज्या महिन्यांविषयीं आपले इतिहासग्रंथ मुके, त्याच महिन्यांचा अनुभव या दगडांत बोलतो आहे.

पण पावसाळ्याचा खरा इतिहास आम्हांस दिसला तो अलिबागेच्या उत्तरेस, किहीम गांवाजवळ. पाण्यानें भरलेल्या एका खाचराच्या कडेच्या झाडावर सुगरणीचीं घरटीं लोंबत होतीं. कांहीं पुरीं, कांहीं अर्धवट. बहुधा हीं घरटीं झाडाच्या पूर्वेकडील अंगास असतात. नैर्ऋत्येच्या पावसाचा मारा तेथें कमी लागतो. डोक्यावर व छातीवर पिवळा रंग मिरवणारे पक्षी चोंचींत गवताचे लांब तंतु घेऊन येत, उलटे लटकून ते विणीत, आणि पुन्हां उडून जात.

याच गांवीं १९३० च्या पावसाळ्यांत डॉ. सालिम अली यांनीं या पक्ष्याचा अभ्यास केला. जर्मनींत शिक्षण घेऊन ते परत आले, तों मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांतील त्यांची जागा पैशाच्या अभावीं रद्द झालेली. नोकरी नाहीं, म्हणून ते किहीमास येऊन राहिले, आणि दारच्या सुगरणींकडे महिनोन् महिने पाहात बसले. तोंपर्यंत अर्धवट घरटीं म्हणजे नराच्या झुलण्याची सोय, असा पुष्कळांचा समज होता. सालिम अलींना दिसलें तें निराळेंच. घर बांधतो तो नर. तें अर्धें झालें कीं मादी येते व पाहणी करते. पसंत पडलें तरच ती राहते, आणि मग नर अंड्यांची खोली व खालीं उतरणारी नळी पुरी करतो. मादी अंडीं उबवूं लागली कीं तो शेजारीं दुसऱ्या घरट्यास आरंभ करतो व दुसरी जोडीदारीण मिळवितो. नापसंत झालेलें घरटें मात्र अर्धवटच लोंबत राहतें. हा वृत्तांत १९३१ सालीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

आतां आपल्या भाषेकडे पहावें. आपण या पक्ष्यास 'सुगरण' म्हणतों. म्हणजे घर बांधण्याचें सारें श्रेय त्या नांवानेंच मादीच्या पदरीं टाकतों. बहिणाबाई चौधरींच्या प्रसिद्ध कवितेंतही तें घर आईच्या मायेचें आहे. त्या भावास आम्ही खोटें म्हणणार नाहीं. पिलांसाठीं घर, हें त्या कवितेचें सत्य अबाधितच आहे. परंतु शेताच्या बांधावर पिढ्यान् पिढ्या लोंबणाऱ्या घरट्याचा कारागीर कोण, हें ठरवावयास एका माणसास पावसांत बसून रहावें लागलें, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांनीं मनाशीं धरण्यासारखी आहे. नांवें जुनीं असतात, म्हणून तीं साक्षीदार ठरत नाहींत. बखरींतील पदव्या आणि लोकांतील दंतकथा यांनाही हाच न्याय लागूं आहे.

याहून अधिक महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. सुगरणीस घर बांधावयास भाताचें किंवा गवताचें पातें लागतें, टांगावयास उंच अगर कांटेरी झाड लागतें, आणि खालीं पाणी असेल तर तिला तें विशेष मानवतें. सुदैवानें हा पक्षी आज दुर्मिळ नाहीं. पण जेथें खाचराभोंवतीं भिंत उठते व बांधावरचें झाड तोडलें जातें, तेथून तो निमूटपणें निघून जातो. त्याची दवंडी कोणी पिटत नाहीं. किल्ल्याचा बुरूज ढासळला तर निदान हळहळ होते. म्हणून १९३० ची ती टिपणें यापुढें केवळ पक्षिशास्त्राचीं राहणार नाहींत. किहीमच्या शेतांचा त्या वेळचा तो दस्तऐवजच होय. असे दस्तऐवज प्रत्येक गांवाचे असावयास हवेत, आणि ते लिहावयास विद्वानच पाहिजे असें नाहीं. गांवच्या शाळेंतील मुलांनीं दर पावसाळ्यांत आपल्या शिवारांतील घरटीं मोजून वहींत मांडलीं, तरी पन्नास वर्षांनीं त्या वहीची किंमत एखाद्या सनदेहून कमी ठरणार नाहीं.