निहालांचा मुलूख

बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास सांगावयाचा म्हटले की आपले बोट नकाशाच्या दक्षिण भागावरच फिरू लागते. सिंदखेडराजा हे जिजाबाईंचे जन्मस्थान. लोणारचे खाऱ्या पाण्याचे सरोवर तर जगाच्या पाठीवर प्रसिद्ध. मेहकरचा शारंगधर बालाजी ठाऊक नाही असा वऱ्हाडी माणूस विरळा. मग फार तर आपण घाट उतरून शेगावच्या समाधीपर्यंत येतो, खामगावच्या जुन्या कापूसबाजाराची आठवण काढतो, आणि तेथेच आपला इतिहास संपतो. पूर्णा नदी ओलांडून आणखी वर, सातपुड्याच्या पायथ्याला भिडलेले जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे दोन तालुके आहेत. त्यांच्या डोंगरपट्टीत एक असा समाज राहतो, की ज्याची भाषा जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुळात बसत नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर या शेजाऱ्यांची थोडी ओळख करून घेण्यास हरकत नसावी.

प्रथम भूमी पाहू. सातपुडा आणि पूर्णा यांच्यामध्ये काळ्या गाळाचे एक प्रचंड मैदान पसरले आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील त्याच्या मोठ्या भागाला आपण खारपाणपट्टा म्हणतो. नदीने हजारो वर्षे आणून टाकलेला हा गाळ इतका खोल, की कित्येक ठिकाणी विहीर खणताना दगड लागतच नाही. आणि पाणी लागले तर ते खारट. एकेकाळी या खोऱ्यातील खाऱ्या विहिरींतून मीठ काढीत असत. पावसाळ्यात ही माती फुगते आणि चिकटते; डांबरी सडका होण्यापूर्वी गाडीचे चाक एकदा रुतले की बैलांचा दम निघे. उन्हाळ्यात तीच जमीन हातभर रुंद भेगांनी फाटते. अशा चिखलमुलखात धान्य आणि कापूस उदंड, म्हणून सारी राज्ये येथेच झगडली. गोड पाणी मात्र उत्तरेकडे, डोंगरातून येणाऱ्या ओढ्यानद्यांना. मैदानाकडे पीक व पैसा, डोंगराकडे पाणी, लाकूड आणि वाटा. या दोहोंच्या सीमेवर जे राहिले, त्यांच्या नशिबी सुखाचा इतिहास येणे कठीणच होते.

हे लोक म्हणजे निहाल. कोणी नहाल म्हणतात, कोणी नाहल. हिंदीत ‘निहाल होणे’ म्हणजे कृतार्थ होणे. पण नावातल्या या योगायोगाने त्यांचे काही भले झालेले दिसत नाही. नाव मात्र जुने आहे. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने आपला संस्कृत कोश रचला. त्यात पुलिंद, शबर, भिल्ल, किरात यांच्या पंक्तीत नाहल हे नाव येते आणि त्या सर्वांवर ‘म्लेच्छ जाती’ असा एकच शिक्का बसतो. पुढे काय होणार याची जणू ती नांदीच होती. निहालांविषयी ज्यांनी ज्यांनी लिहिले, त्यांनी त्यांना दुसऱ्या कोणाच्या तरी ओळीत बसवून लिहिले.

सरकारी अधिकारी रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात नोंद आहे की जुन्या कागदांत डोंगरातील लुटारू टोळ्यांना उद्देशून ‘नाहल, भिल्ल, कोळी’ असा एका दमात उच्चार होत असे. आता ही लूट म्हणजे काय, हेही समजून घेतले पाहिजे. बऱ्हाणपूर ही मोगलांची दक्षिणेतील मोठी पेठ. तेथून वऱ्हाडात उतरणारा माल सातपुड्याच्या खिंडींतून आणि पायथ्याच्या वाटांनी जाई. सातपुड्याच्या रांगेत अशा वाटांची राखण बहुधा डोंगरी लोकांकडेच असे आणि तिच्याबद्दल गावांकडून अगर सरकाराकडून त्यांना धान्य किंवा रोकड मिळण्याचा हक्क असे. हक्क पोहोचला की तो माणूस राखणदार. बुडाला की तोच माणूस दरोडेखोर. दोहोंमध्ये अंतर एका हप्त्याचे! राज्य स्थिर असेतो हा व्यवहार कसाबसा चाले. राज्य डळमळले की पहिला हप्ता बुडे तो डोंगरातल्या माणसाचा.

आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या भागात सारेच डळमळले. १८०३ च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी शिंद्यांचा असीरगड घेतला. २९ नोव्हेंबरला तेल्हाऱ्याजवळ अडगावच्या मैदानात वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. हे अडगाव आजच्या संग्रामपूर तालुक्यापासून फार दूर नाही. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. तीन महिन्यांच्या आत सातपुड्याच्या या अंगाचा सारा लष्करी कणा मोडला. फौजांनी उभी पिके तुडवली, आणि पाठोपाठ १८०३–०४ चा भयंकर दुष्काळ आला. हप्ता देणारा कोणी उरला नाही आणि घेणाऱ्याच्या घरी चूल पेटेना. पुढे काय घडले असेल हे सांगावयास इतिहासकार नको.

अशा वेळी राज्यकर्ते काय करीत, याचे एक उदाहरण भिल्लांच्या इतिहासात नोंदलेले आहे. १८०४ मध्ये खानदेशाचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने भिल्लांच्या मोठ्या जमावाला कोपरगावी बोलावून घेतले आणि विश्वासघाताने पकडून त्यांतील बहुतेकांना दोन विहिरींत लोटले. हा प्रकार पेशवाईतच, आपल्याच माणसांच्या हातून घडला. आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाचे पोवाडे आपण आवडीने ऐकतो. त्याच वहीतले हे पानही आपलेच आहे.

निहालांच्या वाट्याला असाच प्रसंग आला. तो कळला मात्र फार विलक्षण रीतीने. १८६० नंतर निमाड जिल्ह्याची जमीनबंदोबस्ताची पाहणी जेम्स फोर्सिथ या अधिकाऱ्याकडे होती. त्याच्या अहवालात असे आले आहे की जितगड आणि मोहकोट येथील राजघराण्याच्या वंशावळीत एक हकीकत लिहून ठेवली होती. या घराण्याच्या पूर्वजाने नाहलांच्या एका अख्ख्या टोळीची दग्याने कत्तल केली, आणि त्या कामगिरीचे बक्षीस म्हणून जितगड जहागीर मिळाले! ज्यांचे शिरकाण झाले त्यांच्याकडे कागद नव्हता. ज्यांनी ते केले त्यांनी कागद जपला, कारण तो जहागिरीचा पुरावा होता. वाचकहो, खुनाची कबुली मारेकऱ्याच्या घराण्याने अभिमानाने पिढ्यानपिढ्या सांभाळावी आणि तेवढ्यामुळेच मेलेल्यांची आठवण उरावी, असे उदाहरण इतिहासात क्वचितच सापडेल.

शिकागो विद्यापीठाचे भाषापंडित नॉर्मन झाइड यांनीही, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या भागातील एका राज्यकर्त्याने निहालांचा संहार घडवून आणला, असे लिहिले आहे. त्यानंतर जे उरले ते विखुरले. मेळघाट आणि निमाडात कोरकू लोकांच्या आश्रयाने, त्यांची हलकी कामे करीत ते राहू लागले. कोरकू स्वतः गरीब; त्या गरिबांच्याही उतरंडीत निहाल तळाशी गेले. परक्याने बोली विचारली की मुद्दाम भलतेच शब्द सांगावेत, अशी त्यांची रीत झाल्याचे झाइड सांगतात. ज्यांना एकदा बोलावून मारले, त्यांनी पुढे कोणाच्याही गोड बोलण्याला ओ दिली नाही, तर त्यांत नवल ते काय?

पण या लपविलेल्या बोलीनेच त्यांची ओळख राखली. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-पाहणीचा चौथा खंड १९०६ मध्ये निघाला. त्यात स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने निहाली ही मूळची कोरकूसारखीच मुंडा कुळातील असून नंतर भेसळ झालेली बोली ठरवली. पुढे सुधीभूषण भट्टाचार्य यांनी प्रत्यक्ष निहालांमध्ये जाऊन शब्द टिपले आणि १९५७ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्या आधारावर हॉलंडमधील संस्कृतज्ञ कायपर यांनी १९६२ मध्ये एक छोटेखानी ग्रंथ लिहिला. त्यांच्या हिशेबात निहालीचे सुमारे ३६ टक्के शब्द कोरकूशी जुळणारे निघाले, सुमारे ९ टक्के द्राविडी; मराठी-हिंदीचाही भरणा मोठा. पण सुमारे २४ टक्के शब्द असे उरले, की त्यांना साऱ्या भारतात सोयरा सापडेना.

हे शब्द कोणते? पाण्याला निहाली म्हणते ‘जोप्पो’. अग्नीला म्हणते ‘आपो’. संस्कृतात ‘आप’ म्हणजे पाणी, तेव्हा केवळ आवाजावरून नाते जोडणारा येथे चांगलाच होरपळेल! जपानच्या उत्तरेकडील ऐनू लोक विस्तवाला ‘आपे’ म्हणतात, हे साम्यही पंडितांनी टिपले. पण एका-दोन शब्दांवर सोयरीक होत नसते. ‘एक’ या अंकाला निहालीत ‘बिडुम’ हा स्वतःचा शब्द आहे. दोन, तीन, चार द्राविडी वळणाचे, आणि पाचापासून पुढे आपलेच बाजारचे अंक. म्हणजे आकडे मोजतानाच हा समाज आपल्या शेजाऱ्यांची यादी वाचून दाखवितो.

कायपर यांनी एक शंका बोलून दाखवली होती: ही चोरांची सांकेतिक बोली तर नसेल? पुन्हा तोच जुना शिक्का! सांकेतिक बोली कशी बनते हे आपण जाणतो. आपल्या मुली ‘च’ची भाषा बोलतात, दलाल रुमालाखाली बोटांनी भाव करतात, या साऱ्यांत मूळ भाषा जुनीच असते, तिच्यावर पांघरूण तेवढे नवे. उलट पाणी, विस्तव, डोळा, रक्त असे शब्द कोणी पोलिसांपासून लपण्यासाठी नव्याने घडवीत नाही. ते आईच्या मांडीवर शिकायचे शब्द. म्हणूनच आज बहुतेक अभ्यासक निहालीला स्वतंत्र, एकाकी भाषा मानतात; स्पेनच्या डोंगरातील बास्क किंवा हुंझा खोऱ्यातील बुरुशस्की यांच्यासारखी. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने २०१४ मध्ये के. एस. नागराज यांनी लिहिलेले तिचे व्याकरण, कथा आणि शब्दसंग्रह छापले. तेव्हा या भाषेला प्रथमच अंगभर वस्त्र मिळाले असे म्हणता येईल.

भाषा बोलणारे आता दोन-अडीच हजारांच्या घरात आहेत. सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा, वसाली, चिचारी, अंबाबरवा ही बुलढाणा जिल्ह्यातील त्यांची म्हणून नोंदलेली गावे. सरकारी कागदांत त्यांचे स्थान पाहिले तर हेमचंद्राची आठवण होते. अनुसूचित जमातींच्या यादीत निहाल हे नाव आहे, पण स्वतंत्र नाही. ‘कोरकू’ या नोंदीच्या पोटात आहे. त्यातही १९७६ पर्यंत विदर्भातील ही यादी मेळघाट, गडचिरोली, केळापूर अशा ठराविक तहसिलींपुरतीच लागू होती. म्हणजे एकाच रक्ताचा निहाल मेळघाटात आदिवासी ठरे, आणि डोंगराच्या कडेने थोडे चालून बुलढाणा जिल्ह्यात आला की त्याचे आदिवासीपण संपे! १९७६ च्या कायद्याने ती हद्द पुसली. दुसरी हद्द मात्र कायम राहिली: १९७१ च्या शिरगणतीपासून दहा हजारांपेक्षा कमी माणसे बोलतात त्या भाषांचे आकडे स्वतंत्रपणे छापले जात नाहीत. ज्यांची संख्या कत्तलीने आणि उपासमारीने घटली, त्यांना संख्या कमी म्हणून नोंद नाही.

अंबाबरवा हे नाव आज बहुतेकांना ठाऊक आहे ते १९९७ मध्ये घोषित झालेल्या अभयारण्यामुळे. वाघ वाचावा, वन वाचावे, यास कोणाचा विरोध असणार? पण जंगलातील वस्ती मैदानात आली की शाळा, दवाखाना आणि सडक यांबरोबर मराठी-हिंदीचा दाटून आलेला शेजारही येतो. चार घरे इकडे, सहा घरे तिकडे अशी वाटणी झाली की दोन हजार माणसांची भाषा एका पिढीत घरातल्या घरात मुकी होते. तिला मारावयास आता कोणा जहागीरदाराची गरज नाही.

दीडशे वर्षांपूर्वी ही बोली संपत आल्याचे बोलले जात होते. ती संपली नाही. ज्यांना राजा नव्हता, गड नव्हता, बखर नव्हती, त्यांनी आपला मुलूख जिभेवर वागवला, म्हणून तो उरला. वऱ्हाडच्या इतिहासाला सनदा आणि शिलालेख पुष्कळ आहेत. त्या सर्वांहून जुना असा एक लेख कदाचित जळगाव जामोदच्या आठवडी बाजारात, मिठाची पुडी पदरात बांधून, आपल्या नातवाला ‘जोप्पो’ पाजण्यासाठी नळाशी थांबलेला असेल. नातू शाळेत जातो. तो पाण्याला ‘पाणी’ म्हणतो, आणि त्याने तसे म्हणावे हेही खरे. त्याच्या वहीच्या एका पानावर त्याच्या आजीचा शब्द लिहिण्यास त्याला कोणी सांगितले, तर निहालांच्या घरात लिहिला गेलेला तो पहिला कागद ठरेल.